युनिटमधले नागरी कर्मचारी: कामवाटपापासून चार्जशीटपर्यंत कोणत्या क्रमाने काय करायचं

खडकीचं वर्कशॉप असो, देहूरोड किंवा पुलगावचा डेपो असो, नाहीतर एमईएसचं (लष्करी अभियांत्रिकी सेवेचं) एखादं ऑफिस असो. नागरी कर्मचाऱ्यावर केलेली कारवाई केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे कॅटमध्ये, उलटते तेव्हा पुष्कळदा दिसतं की चूक कर्मचाऱ्याचीच होती, पण कागद उलट्या क्रमाने फिरले. आधी वसुलीचा आदेश निघाला, मग स्पष्टीकरण मागवलं गेलं. किंवा ज्याला अधिकारच नाही त्याने सही केली.

पुढची माहिती नव्याने अशा ठिकाणी रुजू झालेले अधिकारी, जेसीओ (सुभेदारासारखे कनिष्ठ कमिशन्ड अधिकारी) आणि सिव्हिल एस्टॅब्लिशमेंट सेक्शनमधले क्लार्क यांच्यासाठी आहे. उदाहरणं लष्करातली आहेत. नौदलात आणि हवाई दलात सेवा नियम तेच, फक्त कार्यालयांची नावं बदलतात. ऑर्डनन्स फॅक्टऱ्या १ ऑक्टोबर २०२१ पासून सात सरकारी कंपन्यांत विभागल्या गेल्या. तिथलं प्रकरण वेगळं आहे, ते इथे घेतलेलं नाही.

## १. आधी ठरवा: समोरचा माणूस कोणत्या नियमाखाली येतो?

गेटमधून रोज साध्या कपड्यांत आत येणारे सगळे एका जातीचे नसतात.

- कायम नागरी कर्मचारी (स्टोअरकीपर, एलडीसी म्हणजे कनिष्ठ लिपिक, फिटर, ट्रेड्समन मेट, एमटीएस म्हणजे बहुउद्देशीय कर्मचारी, सिव्हिलियन ड्रायव्हर, फायरमन): केंद्र सरकारचे नोकर. शिस्तीसाठी सीसीएस (सीसीए) नियम १९६५, म्हणजे केंद्रीय नागरी सेवा (वर्गीकरण, नियंत्रण आणि अपील) नियम, वर्तनासाठी वर्तन नियम १९६४, रजेसाठी रजा नियम १९७२.
- नागरी पदावर लागलेला माजी सैनिक: आता तो पूर्णपणे नागरी कर्मचारी. काल सुभेदार होता म्हणून आज त्याला जास्त अधिकार नाहीत आणि जास्त बंधनंही नाहीत.
- कंत्राटदाराचा कामगार: तुमचा कर्मचारी नाही. त्याला मेमो देऊ नका, त्याची रजा मंजूर करू नका. तक्रार कंत्राटदाराकडे लेखी जाते.
- युनिट-रन कॅन्टीनचा नोकर: सरकारी नोकर नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे.
- डीएससीचा (डिफेन्स सिक्युरिटी कोअरचा) जवान: गणवेशातला. त्याला आर्मी ॲक्ट लागतो.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो तो मुद्दा. आर्मी ॲक्ट १९५० मधलं कलम २(१)(आय) काही नागरी लोकांनाही लागू होतं, पण ते ॲक्टिव्ह सर्व्हिसवर, छावणीत, कूच चालू असताना किंवा केंद्राने जाहीर केलेल्या सीमेवरच्या चौकीत सैन्याबरोबर असतील तेव्हा. पुण्यातल्या डेपोत कामाला येणाऱ्या स्टोअरकीपरला या कलमाचा धाक दाखवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या टोकाची चूकही होते. संरक्षण खात्यातल्या नागरी पदांना राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११ चं संरक्षण मिळत नाही, हे कुणीतरी कानावर घालतं आणि मग ‘चौकशीची गरज काय?’ असा अर्थ काढला जातो. तो चुकीचा आहे. सीसीए नियमांच्या नियम ३ मध्येच ‘संरक्षण सेवांमधले नागरी कर्मचारी’ असा स्पष्ट उल्लेख आहे. दैनंदिन शिस्तीची प्रत्येक पायरी त्याच नियमांनी चढायची.

तपासा: नॉमिनल रोलवर (कर्मचाऱ्यांच्या नावांच्या यादीवर) प्रत्येक नावापुढे औद्योगिक की बिगर-औद्योगिक हे लिहिलेलं आहे का? कामाचे तास, ओव्हरटाइम आणि रजा यांचे हिशोब त्यावर अवलंबून असतात.

## २. पहिल्या पंधरवड्यात एक तक्ता तयार करा

काही घडण्याआधी करायचं काम हे. घडल्यावर केलं तर घाईत चुकतं. प्रत्येक कर्मचाऱ्यासाठी एक ओळ, त्यात एवढ्या गोष्टी:

१. नेमणूक कुणाच्या सहीने झाली, म्हणजे नेमणूक अधिकारी कोण.
२. किरकोळ शिक्षा आणि मोठी शिक्षा देण्याचा अधिकार कुणाला. दोघे एकच असतील असं गृहीत धरू नका. अधिकारांचं परिशिष्ट समोर ठेवून लिहा.
३. ड्युटी लिस्ट दिली आहे का आणि त्यावर पोच आहे का.
४. सेवापुस्तक कुठपर्यंत भरलेलं आहे.
५. एमएसीपीची, म्हणजे पद न बदलता मिळणाऱ्या आर्थिक बढतीची, पुढची तारीख (१०, २० आणि ३० वर्षं सेवा झाल्यावर).
६. निवृत्तीची तारीख.

सेवापुस्तक दरवर्षी कर्मचाऱ्याला दाखवून त्याची सही घ्यायची असते. शिवाय १८ वर्षं सेवा झाल्यावर आणि निवृत्तीच्या ५ वर्षं आधी सेवेची पडताळणी करून त्याला तसं लेखी कळवावं लागतं. हे राहून गेलं की पेन्शनचे कागद पीसीडीएकडून (संरक्षण लेखा कार्यालयाकडून) आक्षेप घेऊन परत येतात आणि २० वर्षांपूर्वीच्या रजेचा डीओ पार्ट टू (सेवेतल्या घटनांची नोंद करणारा युनिटचा आदेश) शोधायला अख्खं सेक्शन जुने गठ्ठे उपसत बसतं.

## ३. काम सांगण्याची पद्धत

एका माणसाला एकच वरिष्ठ. सकाळी हवालदाराने एक सांगितलं, दुपारी जेसीओने दुसरं आणि संध्याकाळी कॅप्टनने तिसरं, तर काम न झाल्याचा ठपका कुणावरच बसत नाही. सेक्शन इन-चार्ज कोण हे लेखी आदेशात असू द्या.

ड्युटी लिस्टमध्ये कामं मोजता येतील अशी लिहा. ‘स्टोअरची सर्व कामे’ हे लिहिणं न लिहिण्यासारखंच. ‘बिन कार्डवर (मालाच्या आवक-जावकीच्या कार्डावर) त्याच दिवशी नोंद, दर शनिवारी अमुक रॅकची मोजणी, तफावत आढळल्यास त्याच दिवशी लेखी कळवणे’ असं लिहिलं की उद्या कर्तव्यात कसूर झाली का हे ठरवता येतं. शेवटी ‘वरिष्ठांनी सोपवलेली अन्य संबंधित कामे’ असू द्या, पण त्यातला ‘संबंधित’ हा शब्द पाळा. ट्रेड्समन मेटकडून बंगल्यावरची बाग करून घेणं त्यात बसत नाही. आणि बाग करायला नकार दिला म्हणून मेमो काढला, तर त्या मेमोने पहिली अडचण तुमचीच होते.

फटीग (शिक्षा म्हणून अंगमेहनत), जादा परेड, ‘उभं राहा बाहेर’ हे प्रकार नागरी कर्मचाऱ्यासाठी अस्तित्वात नाहीत. उशिरा येण्यावरचा उपाय वेगळा आहे: महिन्यातून दोनदा, एका तासापर्यंतचा उशीर योग्य कारण असेल तर माफ करता येतो, त्यापुढे प्रत्येक दिवसाला अर्धी किरकोळ रजा कापली जाते. हे नियमित केलं तर आवाज चढवायची वेळ येत नाही.

ओव्हरटाइम आधी मंजूर, मग काम. फॅक्टरीज ॲक्ट १९४८ लागू असलेल्या ठिकाणी, नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता येईपर्यंत, दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांपुढच्या कामाला दुप्पट दर पडत असे. तोंडी थांबवून घेतलेल्या तासांचं बिल ऑडिटमध्ये अडकतं, आणि माणूस पुढच्या वेळी थांबत नाही.

बोलण्याबद्दल एक गोष्ट, जी कुठल्याच नियमात नाही. बावीस वर्षांचा लेफ्टनंट पन्नाशीच्या स्टोअरकीपरला ‘तू’ म्हणतो तेव्हा त्या दिवसापुरतं काम होतं, पण रॅकच्या मागे पडलेला चुकीचा लॉट त्याला कुणी आपणहून दाखवत नाही. ‘तुम्ही’ म्हणा, हिंदीत बोलत असाल तर ‘आप’. तुमची बदली दोन-तीन वर्षांत होईल. तो मात्र निवृत्तीपर्यंत त्याच शेडमध्ये असेल, आणि कुठला माल कुठे आहे हे त्यालाच ठाऊक असतं.

## ४. रजा

बिगर-औद्योगिक कर्मचाऱ्याचं ढोबळ गणित: किरकोळ रजा वर्षाला ८ दिवस, अर्जित रजा १ जानेवारीला आणि १ जुलैला प्रत्येकी १५ दिवस आगाऊ जमा, अर्धवेतनी रजा त्याच तारखांना प्रत्येकी १० दिवस. अर्जित रजा ३०० दिवसांपर्यंत साठते. औद्योगिक कर्मचाऱ्यांसाठी हेच आकडे डोळे झाकून लावू नका. जवानांच्या कॅज्युअल लिव्हशी तर याची तुलनाच नको. नाव सारखं, नियम वेगळे.

क्रम असा:

१. अर्ज आला त्याच दिवशी शिल्लक तपासून शेरा मारा.
२. नाकारायची असेल तर लेखी नाकारा, एका ओळीत कारण द्या. रजा हा हक्क नाही हे खरं, पण अर्ज टेबलावर पडून ठेवणं म्हणजे नाकारणं नव्हे.
३. मंजुरीनंतर डीओ पार्ट टू, मग रजा खात्यात नोंद.

सावधान: रजा नियमांच्या नियम ७(२) प्रमाणे मागितलेल्या रजेचा प्रकार तुम्ही आपल्या मनाने बदलू शकत नाही. त्याने वैद्यकीय प्रमाणपत्रावर अर्धवेतनी रजा मागितली असेल तर ‘अर्जित धरा’ असा शेरा चालत नाही. आजारपणाबद्दल शंका असेल तर नियम १९ मध्ये दुसरं वैद्यकीय मत घेण्याची सोय आहे, ती वापरा. ‘सगळे खोटे सर्टिफिकेट आणतात’ असं फाइलवर लिहू नका.

न सांगता गैरहजर राहिलेल्याला लष्करी भाषेत ‘भगोडा’ ठरवण्याची पद्धत इथे नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सेवापुस्तकातल्या पत्त्यावर, आणि दुसरा पत्ता माहीत असेल तर तिथेही, पोचपावतीसह हजर होण्याची नोटीस पाठवा. उत्तर नाही आलं तर दुसरी. पाकीट परत आलं तर ते न फोडता, टपालाच्या शेऱ्यासह फाइलला लावा. मग सीसीए नियमांच्या नियम १४ खाली चार्जशीट. थेट ‘नाव कमी केलं’ असा आदेश काढलात तर तो टिकणार नाही.

## ५. वार्षिक कामगिरी अहवाल

वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. स्वमूल्यांकन १५ एप्रिलपर्यंत, रिपोर्टिंग अधिकाऱ्याचा भाग ३० जूनपर्यंत, रिव्ह्यूइंगचा ३१ जुलैपर्यंत. अहवाल लिहायला त्या माणसाचं काम किमान तीन महिने पाहिलेलं हवं. बदली निघाली की आधी हा हिशोब करा. नाहीतर एप्रिलमध्ये नवा अधिकारी म्हणतो मी पाहिलं नाही आणि जुना अधिकारी पठाणकोटला पोहोचलेला असतो.

श्रेणी १ ते १० मध्ये. ४ ते ६ च्या आत ‘चांगला’, ६ ते ८ च्या आत ‘फार चांगला’, त्यापुढे ‘उत्कृष्ट’. इथे नकळत नुकसान होतं. ‘साधारण बरा माणूस आहे’ म्हणून कुणी ५.५ देतो, आणि एमएसीपीला जुलै २०१६ पासून ‘फार चांगला’ हा निकष असल्यामुळे त्या माणसाची आर्थिक बढती अडकते. मुद्दाम अडकवायची असेल तर गोष्ट वेगळी, पण मग कारण वर्षभराच्या नोंदींत दिसलं पाहिजे. १-२ किंवा ९-१० दिले तर विशिष्ट प्रसंग लिहून समर्थन द्यावं लागतं.

पूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखवायचा असतो, आणि त्याला हरकत घ्यायला १५ दिवस मिळतात. न दाखवलेला कमी शेरा पुढे बढतीच्या वेळी तुमच्याच अंगावर येतो.

## ६. चूक घडली: पहिले दोन दिवस

समजा टूल रूममधून टॉर्क रेंच गायब आहे. पहिल्या दिवशी करायचं ते एवढंच: रजिस्टर ताब्यात घ्या, संबंधित पानांच्या प्रती साक्षांकित करा, उपस्थित असलेल्यांची सही आणि तारीख असलेली निवेदनं घ्या. मग स्पष्टीकरण मागवा. मेमोची भाषा बघा.

चुकीची: ‘तुम्ही टॉर्क रेंच हरवून सरकारचे नुकसान केले आहे. रक्कम तुमच्या पगारातून का कापू नये?’

बरोबर: ‘४ मार्च रोजी सकाळी ८.१० वाजता लोन रजिस्टरच्या अनुक्रमांक २७ वर तुमच्या सहीने एक टॉर्क रेंच दिल्याची नोंद आहे. परत आल्याची नोंद नाही. याबाबत तुमचे म्हणणे ११ मार्चपर्यंत लेखी द्यावे.’

पहिल्या मेमोत निकाल आधीच लागला आहे. दुसऱ्यात फक्त नोंद आहे, आणि उत्तर काहीही आलं तरी पुढचा रस्ता मोकळा राहतो.

कर्मचाऱ्याने हिंदीत किंवा इंग्रजीत आदेश मागितला तर त्या भाषेत द्यावा लागतो. राजभाषा नियम १९७६ मध्ये शिस्तीच्या कारवाईच्या कागदांचाही उल्लेख आहे. मेमो घ्यायला नकार दिला तर दोन साक्षीदारांसमोर तसा शेरा मारा आणि त्याच दिवशी टपालाने पाठवा.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीबद्दल (लष्करी पद्धतीची सत्यशोधन चौकशी): ती जरूर भरवा, पण तिच्या निष्कर्षावर नागरी कर्मचाऱ्याला शिक्षा देता येत नाही. ती प्राथमिक शोध असते. तिथले साक्षीदार आणि कागद पुढे चार्जशीटच्या यादीत घालून पुन्हा सिद्ध करावे लागतात. ‘कोर्ट ऑफ इन्क्वायरीच्या आदेशानुसार वसुली’ हे वाक्य फाइलवर दिसलं की समजावं, पायरी चुकली.

लैंगिक छळाची तक्रार असेल तर हा सगळा मार्ग सोडून ती लगेच अंतर्गत समितीकडे द्या. सीसीए नियमांच्या नियम १४(२) प्रमाणे समितीच चौकशी अधिकाऱ्याच्या जागी असते आणि तिचा अहवाल हाच चौकशी अहवाल. वेगळी कोर्ट ऑफ इन्क्वायरी भरवून तक्रारदार स्त्रीला तेच पुन्हा सांगायला लावू नका.

## ७. निलंबन: लागेल तेव्हाच

निलंबन ही शिक्षा नाही. माणूस जागेवर राहिला तर पुरावा बिघडेल किंवा साक्षीदारांवर दबाव येईल, अशा वेळचा तो उपाय आहे.

- ४८ तासांपेक्षा जास्त कोठडीत असेल तर अटकेच्या तारखेपासून तो निलंबित मानला जातो. आदेश मात्र काढावाच लागतो.
- नेमणूक अधिकाऱ्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने निलंबित केलं तर परिस्थिती लगेच वर कळवायची.
- ९० दिवस संपण्याआधी पुनर्विलोकन करून मुदतवाढीचा आदेश निघाला नाही, तर निलंबन आपोआप संपतं. ९१ व्या दिवशी काढलेला आदेश त्यात जीव घालत नाही. मुदतवाढ एका वेळी १८० दिवसांपेक्षा जास्त नाही.
- चार्जशीटही या ९० दिवसांत द्या.
- निर्वाह भत्ता पहिल्या महिन्यापासून. त्यासाठी दुसरीकडे नोकरी करत नसल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं. रोज हजेरी लावायला बोलावता येत नाही, आणि हजेरी नाही म्हणून भत्ता रोखता येत नाही.

निलंबनाच्या दिवशीच कॅलेंडरवर ७५ वा दिवस लाल पेनाने गोल करून ठेवा.

## ८. किरकोळ शिक्षा: नियम १६

ताकीद, मग ती तोंडी असो वा लेखी, ही शिक्षा नाही. ‘सेन्शर’ (औपचारिक ठपका) ही शिक्षा आहे, आणि तिला नियम १६ चा मेमो लागतो. वसुली, ठरावीक काळ वेतनवाढ रोखणं, बढती रोखणं हे याच गटात.

१. आरोप आणि त्याचा तपशील असलेला मेमो, अधिकार असलेल्याच्या सहीने.
२. म्हणणं मांडायला मुदत. प्रमाण नमुन्यात १० दिवस असते.
३. उत्तरातल्या प्रत्येक मुद्द्यावर विचार झाल्याचं आदेशात दिसू द्या. ‘उत्तर समाधानकारक नाही’ एवढ्यावर भागत नाही. का नाही, ते लिहा.
४. शिक्षा आणि तिचा कालावधी तारखेसह.

वसुलीत निष्काळजीपणा आणि नुकसान यांचा थेट धागा दाखवावा लागतो. टूल रूमचं कुलूप महिनाभर तुटलेलं होतं आणि त्याने ते दोनदा लेखी कळवलं होतं, तर रेंचची किंमत एकट्याच्या माथी मारता येणार नाही.

वेतनवाढ तीन वर्षांपेक्षा जास्त रोखायची असेल, परिणाम पुढेही चालू ठेवायचा असेल किंवा पेन्शनला धक्का बसणार असेल, तर नियम १६ असला तरी पूर्ण चौकशी करावी लागते.

## ९. मोठी शिक्षा: नियम १४

१. चार्जशीट, चार जोडपत्रांसह: आरोप, आरोपांचा तपशील, कागदांची यादी, साक्षीदारांची यादी. कागदांच्या प्रती सोबतच द्या, म्हणजे एक तारीख वाचते. ‘सतत बेजबाबदार वागणूक’ असला आरोप नको. तारीख, जागा, कृती लिहा.
२. उत्तरासाठी १५ दिवस. मुदतवाढ एका वेळी १५ दिवस, पण एकूण ४५ दिवसांपुढे नाही.
३. उत्तर वाचून, आरोप नाकारले असतील तरच चौकशी अधिकारी आणि प्रेझेंटिंग अधिकारी (सरकारी बाजू मांडणारा) नेमा. चार्जशीटच्या दिवशीच दोघांची नेमणूक करून टाकली तर ‘निर्णय आधीच झाला होता’ हा मुद्दा तुम्हीच हातात दिलात. चार्जशीटमधल्या साक्षीदाराला चौकशी अधिकारी करू नका.
४. प्राथमिक सुनावणी, कागद तपासणी, बचाव सहाय्यकाची (कर्मचाऱ्याची बाजू मांडायला मदत करणाऱ्याची) निवड. प्रत्येक तारखेचं रोजनामं, सर्वांच्या सह्यांसह.
५. सरकारी पक्षाचे साक्षीदार, उलटतपासणी, मग बचावाचे.
६. कर्मचाऱ्याने स्वतःची साक्ष दिली नसेल तर चौकशी अधिकाऱ्याने त्याच्याविरुद्धचे मुद्दे त्याच्यासमोर ठेवून विचारायचं असतं. हा नियम १४(१८). घाईत हीच पायरी गळते.
७. दोन्ही बाजूंची लेखी टिपणं, मग अहवाल. चौकशी ६ महिन्यांत संपवायची. नाही झाली तर कारण लिहून मुदतवाढ घ्या.
८. अहवालाची प्रत कर्मचाऱ्याला, १५ दिवसांची मुदत. चौकशी अधिकाऱ्याने आरोप सिद्ध नाही म्हटलं आणि तुम्ही असहमत असाल, तर असहमतीची तात्पुरती कारणं त्याच प्रतीसोबत कळवा.
९. मगच अंतिम आदेश.

तपासा: आदेशावर सही करणाऱ्याला ही विशिष्ट शिक्षा देण्याचा अधिकार आहे का? दुसऱ्या टप्प्यातला तक्ता काढा आणि बोट ठेवून बघा.

## १०. आदेशानंतर

अपिलाला ४५ दिवस, आणि अपील कुणाकडे करायचं हे आदेशातच लिहा. अपिलावर कारणांसह निर्णय द्या. सहा महिने उत्तर दिलं नाही तर कर्मचारी कॅटमध्ये जाऊ शकतो. आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल गणवेशातल्यांसाठी आहे. नागरी कर्मचाऱ्याचा रस्ता कॅट. तिथून नोटीस आली की परिच्छेदवार उत्तर तयार करायला मूळ फाइल लागते, म्हणून पानांना क्रमांक आधीपासून द्या.

मान्यताप्राप्त संघटनेचे प्रतिनिधी भेटायला आले तर सेवाशर्तींचे विषय ऐकून इतिवृत्त ठेवा. एखाद्याच्या चालू चार्जशीटवर मात्र त्या बैठकीत चर्चा नको.

शिक्षेचा डीओ पार्ट टू, सेवापुस्तकात नोंद, आणि शिक्षा संपण्याची तारीख कॅलेंडरवर. दोन वर्षांसाठी रोखलेली वेतनवाढ त्या तारखेला कुणी पूर्ववत करत नाही, पगार तसाच कमी येत राहतो, आणि माणूस तीन वेळा अर्ज करून थकला की ज्या प्रकरणात तुमचं सगळं बरोबर होतं त्यातच व्याजासह थकबाकी देण्याची पाळी येते.